आधी नेक बघा, रंग नंतर

मी काही पोटापाण्यासाठी वाजवणारा नाही. आठवड्यातले तीन-चार तास वाजवतो. शेजारी गावाला गेले तर पाच. पण आजवर सहा बेस गिटार, म्हणजे खर्जातल्या गिटार, घेतल्या आणि चार विकल्या, सगळ्या जुन्याच. म्हणून जुनी बेस घेताना काय बघावं, ते बोलतोय.

1951 साली कॅलिफोर्नियात गिटार बनवणाऱ्या लिओ फेंडरनं प्रिसिजन बेस काढला. तोवर बेस म्हणजे बहुतेक माणसाएवढं उभं धूड, सूर कानानं शोधायचा. याला सतारीसारखे पडदे, बोट पडलं की सूर नेमका; म्हणून नाव प्रिसिजन. वाजती तार 34 इंचांची. चार तारांचा मिळून ताण साधारण 70-80 किलो. म्हणजे तारांखालच्या लांब लाकडी पट्टीला, नेकला, एक धडधाकट माणूस रात्रंदिवस लोंबकळतोय असं समजा! पट्टी वाकू नये म्हणून आत लोखंडी सळई असते, ट्रस रॉड.

तेव्हा गिटार हातात आली की आधी बॉडीच्या बाजूनं नेकवर एक डोळा मिटून नजर टाका, सुतार फळी बघतो तशी. मग तार पहिल्या आणि शेवटच्या पडद्यावर दाबा. मधे, सातव्या-आठव्या पडद्यापाशी, तारेखाली व्हिजिटिंग कार्ड जेमतेम जाईल एवढी फट हवी. जास्त असली तरी घाबरू नका. पावसाळ्यात लाकूड दमट होतं, नेक हलते. रॉडला पाव फेरा दिला की बहुतेक वेळा काम होतं. पण नेक पिळलेली असेल, म्हणजे एका बाजूला वर नि दुसऱ्या बाजूला खाली, तर रॉड काही करू शकत नाही.

हे मला पहिल्याच खरेदीत कळलं. सनबर्स्ट रंग, आरशासारखी चमक. विकणाऱ्यानं चहा पाजला, मी भाव न करता पैसे मोजले. घरी येऊन बघतो तर नेक जिलबी!

बाकी तपासणी किरकोळ. नॉब फिरवताना खरखर आली तर बहुधा धूळ. तारा जुन्या असल्या म्हणून नाक मुरडू नका; मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचा नावाजलेला बेसवादक जेम्स जेमर्सन तुटल्याशिवाय तारा बदलत नसे.

विकताना मात्र दोष आपणच सांगावा. माझ्या एका बेसला 'जी' (G) तारेवर, सहाव्या पडद्याला, सूर पटकन विझायचा. याला डेड स्पॉट म्हणतात. चांगल्या गिटारींतही सापडतो. कॉलेजातला एक मुलगा बघायला आला, त्याला मी आधीच ते दाखवलं. पोरगं तिथंच बोट ठेवून पाच मिनिटं वाजवत बसलं. मग म्हणालं, "काका, मला रेगे वाजवायचंय. तिथं सूर लवकर मेलेलाच बरा." वर पाचशे रुपये कमी करून घेतले ते घेतलेच.