एक व्याकरण, चार उंबरे

‘पाला जरा कापून घेऊन आलो.’ ‘पाला जरा काट के ले के आया.’ पहिलं वाक्य मराठी, दुसरं उर्दू, आणि दोन्ही सांगलीजवळच्या कुपवाडची. दुसरं ऐकून लखनौचा माणूस नाक मुरडेल. पण दोन्ही एकाखाली एक लिहून पाहा : कापून – काट के, घेऊन – ले के, आलो – आया. सांधा कुठे हलत नाही. याच मापाचं तिसरं वाक्य तिथे कानडीत बोललं जाई, आणि कानडी तर वेगळ्याच, द्राविडी कुळातली.

भाषेचे अभ्यासक जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांचा कुपवाडवरचा निबंध १९७१ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी पाहिलेलं गाव साधारण ३,००० वस्तीचं. जैन शेतकरी आणि लिंगायत कारागीर घरात कानडी बोलत, मुसलमान उर्दू, दलित आणि इतर भूमिहीन मजूर मराठी, दोर वळणारी काही घरं तेलुगू. चारचौघांत, एकमेकांशी बोलताना मुख्यतः मराठी. हे काही शतकं चाललेलं. त्यातून व्याकरणं एकमेकांच्या इतकी जवळ आली की एका भाषेतलं वाक्य दुसरीत न्यायला फक्त तुकडे बदलावेत, क्रम तसाच ठेवावा. कानडीत पुरुषमाणूस पुल्लिंगी, बाईमाणूस स्त्रीलिंगी आणि उरलेलं सगळं नपुंसक. कुपवाडच्या मराठीनं हीच वाटणी उचलली. पूर आला की तिथला माणूस ‘नदी आलं’ म्हणे. उर्दूवालाही ‘नदी आया’च म्हणे. आपल्या शाळेत या वाक्याखाली लाल रेघ पडली असती, पण लिंगव्यवस्था म्हणून ती आपल्यापेक्षा कितीतरी सरळ आहे. टेबल पुल्लिंगी की नपुंसकलिंगी यावर आपण आजही भांडतोच ना!

आता मुद्द्याकडे येतो. व्याकरण इतकं एक झालं, मग भाषा एकच का झाली नाही? ‘पाला’, ‘जरा’ असे शब्द इकडून तिकडे गेले, पण क्रियापदांची आणि प्रत्ययांची रूपं ज्याची त्याच्याकडे राहिली. ‘कापून’ म्हटलं की एक घर, ‘काट के’ म्हटलं की दुसरं. गंपर्झ आणि विल्सन यांचं उत्तर असं, की घरची भाषा घराची ओळख सांभाळत होती आणि ती ओळख सोडायला कुणी तयार नव्हतं. चारचौघांत मराठी चाले, कारण जैन आणि मुसलमान या जमीन बाळगणाऱ्या दोन्ही मोठ्या गटांपैकी ती कुणाच्याच घरची नव्हती. ती बोलल्यानं कुणाची बाजू घेतली असं होत नसे. या उत्तरात मजुरांचा विचार फारसा येत नाही, हे मला खटकतं. त्यांच्या घरची भाषा सगळ्या गावाला सोयीची झाली. पण त्यांचं गावातलं स्थान त्यानं बदललं का?

‘भाषेत समाज दिसतो’ असं म्हणणारे बहुतेक लोक शब्द मोजायला बसतात. एस्किमोंकडे बर्फाला किती शब्द, ही गोष्ट तर फुगत फुगत कुठल्या कुठे गेली आहे. ती सोडून देऊ. बेंजामिन ली व्होर्फ यांचं म्हणणं अधिक गंभीर आहे. हे गृहस्थ आगविम्याच्या कंपनीत तपासनीस होते आणि भाषेची घडण माणसाच्या विचाराला वळण लावते असं त्यांचं मत होतं. त्यांचा रोख काळ, वस्तू, घटना यांच्या मांडणीवर होता, त्यामुळे कुपवाडनं व्होर्फ खोटे ठरत नाहीत. पण व्याकरणातच संस्कृती नांदते असं जे आपण सहज म्हणून टाकतो, त्याला मात्र इथे अडचण येते. व्याकरण एक झालं तरी उंबरे चारच राहिले. समाज दिसला तो लोकांनी काय मिसळू दिलं नाही, त्यात.

डेक्कन कॉलेजच्या सोनल कुलकर्णी-जोशी यांनी चाळीस वर्षांनंतरच्या कुपवाडवर २०१६ साली निबंध लिहिला आणि हे सगळं प्रारूप पुन्हा चिकित्सेला घेतलं. तसं होणं गरजेचंच होतं. आज कुपवाड सांगली-मिरजेबरोबर महानगरपालिकेत आहे, आणि १९६० नंतर मराठी ही नुसती चारचौघांतली बोली नाही, राज्याची भाषा आहे.

मुंबईत आपण रोज काय ऐकतो? ‘मेरेको जाने का है.’ दिल्लीत ‘मुझे जाना है’ म्हणतील. आपलं वाक्य ‘मला जायचं आहे’वर बेतलेलं : जाय-चं, जाने-का. उलट बाजूनं हिंदीच्या वळणाचं ‘माझी मदत कर’ मराठीत आलंय. ‘मला मदत कर’ म्हणणारे कमी होत चाललेत की काय अशी मला शंका आहे. कुपवाडसारखीच देवाणघेवाण ही. मग इथे वेगळं काय ठेवलं जातं? माझा संशय ‘म्हणालो’ आणि ‘बोललो’ यांच्यावर आहे. ‘मी त्याला बोललो की उद्या ये’ हे वाक्य मुंबईत लाखो लोक सहज बोलतात, आणि काही घरांत त्यावरून मुलांना टोकलं जातं. अर्थ पोचण्यात काडीचा फरक पडत नाही. टोकायचं असतं ते दुसऱ्याच कारणासाठी.

हे तपासायचं कसं? ‘तुम्ही म्हणालो म्हणता की बोललो?’ असं विचारलंत तर फसलात. प्रत्येक जण पुस्तकी उत्तर देईल. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव्ह यांनी १९६२ साली न्यूयॉर्कच्या तीन दुकानांत, एक उंची, एक मध्यम, एक स्वस्त, चौथ्या मजल्यावर मिळणाऱ्या वस्तूचा पत्ता विचारला. ‘फोर्थ फ्लोअर’ या उत्तरातला र कोण उच्चारतं एवढंच त्यांना ऐकायचं होतं, आणि विक्रेत्यांना त्याचा पत्ता नव्हता. दुकान जितकं उंची, तितका र जास्त ऐकू आला. आपल्याकडे मजला विचारून भागणार नाही. माणसाला सोसायटीच्या मीटिंगमधलं भांडण सांगायला लावा. तो काय बोलला, मग सेक्रेटरी काय म्हणाले, मग मी काय बोललो… दोन मिनिटांत माणूस भाषेचं भान विसरतो आणि तुमच्या वहीत नोंदी पडू लागतात. फक्त दादरला थांबू नका. लालबाग, भांडुप, वसईच्या नोंदीही त्याच वहीत हव्यात, आणि सांगणाऱ्याचं वय, शाळेचं माध्यम, घरात कोण कोण आहे, हे भांडण संपल्यावर विचारा, आधी नको.