बॉम्बफेकी विमानांच्या तळावर जुन्या मोटारी

इंग्लंडमध्ये, ऑक्सफर्डपासून सुमारे २० किलोमीटरवर, बिस्टर गावाला लागून लाल विटांच्या इमारतींचा एक जुना हवाई तळ आहे. रॉयल एअर फोर्सने १९२० च्या दशकात तो बॉम्बफेकी विमानांसाठी बांधला. चार इंजिनांच्या हॅलिफॅक्स विमानाचा पहिला नमुना २५ ऑक्टोबर १९३९ रोजी येथूनच आकाशात झेपावला, आणि युद्धकाळात ब्लेनहाइम विमानांवरील तुकड्यांचे प्रशिक्षणही येथे चालले. पुढे हवाई दलाने तळ सोडला आणि इमारतींची पडझड सुरू झाली.

२०१३ मध्ये संरक्षण मंत्रालयाकडून ही जागा विकत घेणाऱ्यांनी तेथे जुन्या मोटारींच्या कारागिरांना बोलावले. ही कल्पना वाटते तितकी विक्षिप्त नव्हती. एकाच हल्ल्यात सगळा तळ निकामी होऊ नये, म्हणून मूळ आराखड्यातच इमारती विखरून बांधल्या होत्या. पॅराशूटचे कोठार वेगळे, वाहनांच्या शेड वेगळ्या, वीजघर वेगळे. बॉम्बच्या धास्तीने आखलेली ही मांडणी पत्राकाम, इंजिनकाम, गादीकाम अशा लहान लहान कार्यशाळांच्या नेमकी पथ्यावर पडली. प्रचंड हँगरमध्ये तर मोटारींच्या रांगाच उभ्या राहू शकतात.

हे काम मात्र सावकाशीचे असते. सपाट ॲल्युमिनियमचा पत्रा दोन चाकांच्या मध्ये धरून पुन्हापुन्हा मागेपुढे सरकवला, की त्याला हळूहळू मडगार्डचा बाक येतो. किती दाब द्यायचा, हे कारागिराच्या हातालाच कळते. अनेक जुन्या गाड्यांच्या पत्र्याखाली ॲश लाकडाचा सांगाडा असतो, तो कुजला असेल तर सुतारालाच बोलवावे लागते. काही इंजिनांची बेअरिंग दुकानात मिळत नाहीत. कथलाचा मिश्रधातू वितळवून ती नव्याने ओतावी लागतात आणि मग मापात कातावी लागतात. हे हात उद्या कोठून यायचे, हा प्रश्न ओळखून शिकाऊ मुलामुलींचे प्रशिक्षणही याच तळावर सुरू झाले.

एरवी ही कामाची जागा आहे. वर्षातल्या काही ठरावीक रविवारी मात्र तळ प्रेक्षकांसाठी खुला होतो आणि अनेक कार्यशाळांची दारे उघडतात. बाहेर चकाकत्या मोटारींची दाटी असते. पण आमच्या मते खरी पाहण्यासारखी गाडी आत असते, दारे उतरवलेली, तारा लोंबणारी, एका मडगार्डावर अजून रंग न चढलेली.