ज्यू दफनभूमी : आधी कुंपण, मग दगड

पत्रिकेत विषय छापलाय 'जुन्या ज्यू दफनभूमींचं जतन'. त्याकडे येतोच. पण या जागा उजाड कशा झाल्या ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. ऊनपावसानं दगड झिजतो, झाडांची मुळं थडगी उलथवतात, हे तर आहेच. माझं म्हणणं मात्र असं, की खरा घात केला तो दगडाच्या उपयोगीपणानं. घडीव, सपाट, गुळगुळीत आणि फुकट! ज्यांचे वारस मारले गेले किंवा देशोधडीला लागले, त्या दगडांवर हक्क सांगायला येणार कोण?

प्राग पाहिलेले किती जण आहेत? बरेच हात दिसतायत. म्हणजे तिथली जुनी दफनभूमी तुम्ही पाहिली असणार. सर्वांत जुना दगड रब्बी आणि कवी अविग्दोर कारा यांचा, 1439 चा. दफनं चालली 1787 पर्यंत. पुरलेला देह हलवायचा नाही, हा ज्यू धर्माचा दंडक. आजूबाजूला जागा नाही. मग वर माती टाकून थरावर थर चढवले आणि खालच्या थरातले दगडही वर आणून लावले. म्हणून आज सुमारे 12,000 दगड खेटून उभे दिसतात. सगळे फोटो तिथेच काढतात. तुम्ही नंतर वेन्सेस्लास चौकात गेला असाल, तर तिथेही थडग्यांवरूनच चालला असाल, हे कोणी सांगितलं होतं का?

मे 2020 मध्ये त्या चौकाची फरसबंदी उखडली. मुठीत मावतील असे ठोकळे. उलटे केले तर खालच्या अंगाला झिलई, आणि त्यावर हिब्रू अक्षरं. कुठे नुसतं मृत्यूचं साल, कुठे अर्धवट तुटलेला शब्द. कम्युनिस्ट राजवटीत, 1980 च्या दशकात थडग्यांचे दगड फोडून ते बसवले होते. अक्षरं सगळी खाली. बसवणाऱ्या गवंड्याला ती दिसली नसतील, हे मला पटत नाही.

नाझींच्या ताब्यातल्या ग्रीसमधल्या थेस्सलोनिकी शहराची गोष्ट तर याहून भयंकर. तीन लाखांहून जास्त कबरींची दफनभूमी डिसेंबर 1942 मध्ये उद्ध्वस्त करायला सुरुवात झाली. तिचे दगड रस्त्यांना, भिंतींना, अगदी चर्चच्या दुरुस्तीलाही गेले. आज त्या जमिनीवर विद्यापीठ आहे. आवारात स्मारक उभं राहिलं ते 2014 साली. आणि तिथल्या जिवंत ज्यूंना ऑशविट्झच्या मृत्युछावणीकडे नेणाऱ्या गाड्या सुटल्या मार्च 1943 मध्ये. म्हणजे आधी मेलेले हलवले, मग जिवंत. हा क्रम मला फार छळतो, म्हणून जिथे बोलायला उभा राहतो तिथे सांगतो.

चिठ्ठी आली, दहाच मिनिटं उरलीत. तेव्हा जतनाचं आता भराभर.

पहिलं काम कुंपण. दगड एकही उरला नसला तरी जमीन कबरींचीच आहे, म्हणून जुन्या नकाशांवरून हद्द ठरवायची. 2015 साली सुरू झालेली युरोपियन ज्यूइश सिमेटरीज इनिशिएटिव्ह ही संस्था ड्रोननं मोजणी करून पूर्व युरोपात हेच करते. खणायचं नाही, खाली काय आहे ते रडारनं पाहता येतं. लेख पुसट असेल तर तिरप्या उजेडात फोटो घ्या, अक्षरं उठून दिसतात. खडूनं रंगवू नका. तारेचा ब्रश, ॲसिड, पाण्याचा जोरदार फवारा, तिन्ही वर्ज्य. साधं पाणी आणि मऊ ब्रश पुरे. भेगांत सिमेंट भरायचं नाही. ते दगडापेक्षा कडक असतं, ओल आत कोंडते आणि दगडच फुटतो. चुन्याचा गिलावा घ्या.

परत मिळालेला तुकडा कोणत्या कबरीचा ते ठाऊक नसेल, तर अंदाजानं कुठेही रोवू नका. पोलंडमधल्या क्राकोच्या रेमूह दफनभूमीत अशा तुकड्यांची भिंतच रचली आहे. कुंपणाच्या आत, अक्षरं समोर. मला ती पद्धत सर्वांत योग्य वाटते. तिरप्या उजेडाचे फोटो मी आणलेत, ज्यांना बघायचेत त्यांनी थांबा.