गोदेच्या तळाशी

नाशिककर गोदावरीला गंगा म्हणतात आणि तिचा पूर आजही दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरूनच मोजतात. पाणी मारुतीच्या कमरेला लागले की काठावरचे दुकानदार आवराआवर सुरू करतात. उन्हाळ्यात मात्र ही नदी कशी जगते, हे पाहायचे तर घाटाच्या पायऱ्या उतरून थेट पात्रात यावे लागते.

इथे पायाखाली काळा पाषाण असायला हवा. तो आहे, पण काँक्रीटच्या थराखाली. 2003 च्या सिंहस्थाच्या तयारीत रामकुंडाच्या परिसरात नदीचा तळच बांधून काढण्यात आला. त्या तळाला जिवंत झरे होते. पावसात मुरलेले पाणी या काळ्या बेसॉल्ट खडकाच्या भेगांमधून वाट काढत पात्रातील कुंडांच्या तळाशी वर येई. तळ बुजल्यावर ही वाट बंद झाली आणि उन्हाळ्यातील पाण्यासाठी कुंडे वरच्या गंगापूर धरणातून ठरावीक काळाने सुटणाऱ्या पाण्याच्या, म्हणजे आवर्तनाच्या, तोंडाकडे पाहू लागली.

कुंडांना पुन्हा श्वास घेता यावा, यासाठी काही नाशिककरांनी पदरचा वेळ घालून तळाचे काँक्रीट काढून घेण्याचे काम अंगावर घेतले. 1883 च्या नाशिक गॅझेटियरमधील वर्णने आणि जुने भूमापन नकाशे हाताशी धरून त्यांनी बुजलेल्या कुंडांच्या जागा दाखवून दिल्या, पालिकेत खेटे घातले आणि अखेर मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. नदी वाचवण्याचे काम बरेचसे असेच असते: कागद, तारखा आणि पुन्हा कागद.

त्यानंतरचे हे दृश्य. ब्रेकरचे टोक काँक्रीटमध्ये घुसते, थर तडकतो, मजूर पहारीने तुकडा उचकटतात आणि खाली ओलसर, काळी, घडीव पायरी दिसते. तिच्या सांध्यातून पाण्याची बोटभर रेघ सरकते. क्षणभर सगळ्यांचे हात थांबतात.

शहराच्या सांडपाण्याचा लढा वेगळा आहे. त्यासाठी 2012 मध्ये जनहित याचिका दाखल झाली. इथली घाण आणि पाणवेली वाहत जाऊन नांदूर मध्यमेश्वर या राज्यातील पहिल्या रामसर स्थळापर्यंत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेपर्यंत, पोहोचतात.

सगळ्या कुंडांचा तळ अजून मोकळा झालेला नाही. पुढच्या सिंहस्थाची मुख्य स्नाने 2027 च्या पावसाळ्यात आहेत आणि नकाशांची तीच गुंडाळी घेऊन ही माणसे आजही घाटावर येतात.