चार कुलपांची पेटी

श्रोतेहो, नमस्कार.

1523 साली जर्मनीतल्या लाइसनिग या गावाने गरिबांसाठी सामाईक निधीची पेटी करायचं ठरवलं. नियमावलीला प्रस्तावना प्रोटेस्टंट धर्मसुधारणेचा प्रवर्तक मार्टिन ल्यूथरची. पेटीला चार कुलपं. किल्ल्या सरदार, नगरपरिषद, नगरवासी आणि खेड्यातले शेतकरी यांच्याकडे एकेक. दहा कारभाऱ्यांनी दर रविवारी बसायचं आणि वर्षातून तीनदा सर्वांपुढे हिशेब मांडायचा. पुढे नगरपरिषदेने चर्चचं उत्पन्न हातचं सोडलं नाही, आणि योजना रखडली. नियम मात्र आजही वाचण्यासारखे आहेत.

कारण त्या कुलपांत धर्मतत्त्व आहे. पाप सर्वांनीच केलं आहे, म्हणून पैसा कुणा एकाच्या हाती नको, तो पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, असला तरी. सगळेच विश्वासणारे याजक, म्हणजे पुरोहित, म्हणून शेतकऱ्यालाही किल्ली. आणि माणूस कर्माने नव्हे तर विश्वासाने देवापुढे नीतिमान ठरत असेल, तर दान देऊन पुण्य गाठीला बांधायचं कारणच उरत नाही. देणाऱ्याने समोरच्याची गरज तेवढी पाहायची.

धर्मसुधारक कॅल्व्हिनच्या जिनिव्हात 1541च्या नियमांनी डीकनपद, म्हणजे चर्चच्या सेवाकार्याचं पद, दोन प्रकारचं केलं: काहींनी निधी सांभाळायचा, काहींनी आजारी आणि गरिबांची शुश्रूषा करायची. मेथडिस्ट पंथाचा संस्थापक जॉन वेस्लीने 1746मध्ये लंडनला कर्जनिधी काढला. एका वेळी जास्तीत जास्त वीस शिलिंग, फेड दर आठवड्याला, मुदत तीन महिने.

तत्त्व वाकडं वळलं की कामही वळतं. कष्ट आणि काटकसर हे सद्गुण मानता मानता गरिबी हा दुर्गुण ठरायला वेळ लागत नाही. ग्लासगोत 1819नंतर थॉमस चाल्मर्स या पाळकाने आपल्या पॅरिशचे, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या वस्तीचे, पंचवीस विभाग केले, प्रत्येकाला एक डीकन. मदत मागणाऱ्याला आधी विचारायचं: स्वतः काही कमावता येईल का? नातेवाईक? शेजारी? चर्चचा निधी सर्वांत शेवटी. घरोघरी जाऊन माणसं ओळखण्याची पद्धत उत्तम होती. पण खर्च घटला हेच यशाचं माप ठरलं, आणि खर्च घटला म्हणजे भूक घटली असं होत नाही. कित्येक जण चौकशीच्या लाजेनेच मागायचं सोडतात.

आज मंडळीत, म्हणजे चर्चच्या समुदायात, काम करणाऱ्यांनी कृपेचा, म्हणजे न कमावता मिळणाऱ्या देवाच्या प्रेमाचा, अर्थ कामाच्या वेळापत्रकात उतरवावा. धान्यवाटप उपासनेला जोडू नका; वार वेगळा ठेवा, हजेरीवही पाहू नका. प्रार्थना हवी का, हे वाटप झाल्यावर विचारा. आधी विचारलं की उपाशी माणूस ‘हो’च म्हणतो. अडचण ऐकून घेणारा आणि रक्कम मंजूर करणारा वेगवेगळे असावेत. रोख रकमेवर दोन सह्या घ्या. मुलांसोबत कोणीही प्रौढ एकटा बंद खोलीत नसावा, मग तो कितीही जुना सभासद असो.

सर्वांत जास्त नुकसान होतं ते क्षमेच्या शिकवणीचा चुकीचा वापर केल्याने. नवऱ्याचा मार खाऊन आलेल्या बाईला ‘क्षमा कर आणि घरी जा’ म्हणणं म्हणजे तिला पुन्हा त्याच हातांत देणं. क्षमा आणि परत नांदणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आधी सुरक्षित जागा, डॉक्टरी तपासणी, कायद्याचा सल्ला. नवरा-बायकोला समोरासमोर बसवून समेट घडवायला जाऊ नका. त्याच्यापुढे ती खरं बोलू शकत नाही. तिचा पत्ता मंडळीतही कुणाला सांगायचा नाही, प्रार्थनेच्या विनंतीतसुद्धा नाही.