नेटहॅकचा स्लीपिंग गॅस ट्रॅप: झोपवतो तो, मारतात दुसरेच

हे बघा, हा नेटहॅक, भुयारात फिरायचा जुना कॉम्प्युटर गेम, आणि खोलीच्या मधोमध ॲटचं (@) चिन्ह दिसतंय ना, ती माझी व्हॅल्किरी, म्हणजे माझी लढवय्यी. हिट पॉइंट (म्हणजे जीव) पूर्ण १६, डन्जनची, म्हणजे भुयाराची, दुसरी लेव्हल, आणि मागून तीन जॅकल येतायत. जॅकल म्हणजे अगदी फुसका प्राणी, एका चाव्याला १ नाहीतर २ पॉइंट जातात, बस. तर मी म्हटलं समोरच्या दारात जाऊन उभं राहू म्हणजे एकेक करून येतील, म्हणून तिला खोलीतून पुढे पळवली, आणि दोन पावलांवर गॅसचा ढग सुटला, ती झोपली, आणि मी पुढची की दाबायच्या आत मेली पण. सेव्ह पण गेली, कारण नेटहॅकमध्ये १९८७ पासून हाच नियम आहे, मेलात की पहिल्यापासून.

मला हे फार लागलं होतं, म्हणून नेमकं काय झालं ते नीट शोधून काढलं, आणि आज तेच सांगायचंय.

ज्यातून तो गॅस सुटला त्या लपलेल्या सापळ्याचं, म्हणजे स्लीपिंग गॅस ट्रॅपचं, स्वतःचं डॅमेज शून्य आहे. तो फक्त झोपवतो, १ ते २५ टर्न (गेममधल्या चाली), म्हणजे सरासरी १३. आसपास कोणी नसेल तर तुम्ही उठता आणि चालायला लागता, काहीच होत नाही. पण कोणी असेल तर बघा काय होतं. जागी असताना माझ्या व्हॅल्किरीला, आर्मर क्लास (बचावाचा आकडा) ६ धरून, जॅकल चावण्याचा चान्स ७५ टक्के. झोपलेल्याला मारताना गेम समोरच्याला २० च्या फाशावर ४ चा बोनस देतो, मग तोच चान्स ९५ टक्के होतो. आता गेम थोडी दया पण दाखवतो, प्रत्येक लागलेल्या घावाला १० पैकी १ चान्स असतो की लढाईनं तुमची झोप मोडेल. पण हिशोब करा ना, जाग यायला सरासरी १० चावे, चाव्याला सरासरी दीड, म्हणजे १५ पॉइंट. आणि माझ्याकडे होते १६! जरा नशीब वाकडं की संपलं. आणि हे जॅकलचं झालं. त्या जागी सोल्जर अँट ही मुंगी असेल, जी एकाच वेळी चावते पण आणि डंख पण मारते, आणि तुमच्यापेक्षा दीडपट वेगानं, तर सुरुवातीच्या कॅरेक्टरला जाग यायचा प्रश्नच येत नाही.

खूप जण सांगतात की एस दाबून सर्च करत चला. मला हे पटत नाही. लक नॉर्मल असताना शेजारचा लपलेला ट्रॅप सापडायचा चान्स एका टर्नला ८ पैकी १ आहे, एकाच जागी १५ वेळा सर्च केलं तरी साधारण १३ टक्के वेळा तो तसाच लपून राहतो, आणि असं खोलीभर करत बसलात तर तोवर भूक लागायची वेळ येते.

मी आता काय करतो ते सांगतो. मागे कोणी लागलं की मी पुढे पळत नाही, आल्या वाटेनं मागे जातो. का, तर ज्या फरशीवरून तुम्ही चालून आलात तिथे लपलेला ट्रॅप असता तर तो तेव्हाच उडाला असता ना! म्हणजे तुमची स्वतःची पावलं हाच सगळ्यात खात्रीचा रस्ता. आणि मागे कॉरिडॉर असेल तर फारच छान, साध्या खोल्या-कॉरिडॉरच्या लेव्हलवर गेम आपोआप टाकतो ते ट्रॅप जवळजवळ सगळे खोल्यांमध्येच असतात, शिवाय तिथे तिघं एकदम अंगावर येऊ शकत नाहीत. माझी व्हॅल्किरी ज्या कॉरिडॉरमधून आली तो तिच्या मागे चार पावलांवर होता. चार!

एल्फ जमातीचं कॅरेक्टर खेळत असाल तर एक्सपिरियन्स लेव्हल (कॅरेक्टरची स्वतःची लेव्हल) ४ ला स्लीप रेझिस्टन्स, म्हणजे अशी झोप न लागण्याची ताकद, आपोआप मिळतो, मग हा ट्रॅप विसरा. एल्फ नसाल तर मारलेल्या एल्फचं प्रेत खाऊन मिळू शकतो, ग्रे-एल्फला चान्स ४० टक्के. ऑरेंज ड्रॅगनच्या स्केल्स (खवले) अंगावर घातल्या तरी चालतं, पण तिथवर जगायला पाहिजे आधी.

ट्रॅप एकदा दिसला की तो तिथेच राहतो, अनट्रॅप (ट्रॅप निकामी करायची कमांड) करून निघत नाही, आणि माहीत असून पाय टाकलात तर वाचायचा चान्स ५ पैकी १. म्हणून ठरवलेल्या जागी आपोआप चालत नेणारी ट्रॅव्हल कमांड वापरा, ती माहीत असलेले ट्रॅप टाळून नेते.

आणि हा, तोच ट्रॅप मग तुमच्या कामाला पण येतो. तो तुमच्या आणि मागे लागलेल्याच्या मध्ये येईल असं उभं राहा. ज्यानं असला ट्रॅप आधी पाहिलाय तो बहुतेक वळसा घालेल, पण बाकीचे सरळ चालत येतात आणि श्वास घेणारा असेल, स्लीप रेझिस्टंट नसेल तर तो पण २५ टर्नपर्यंत आडवा. मग मारा, पण भराभर मारा, कारण तुमच्या प्रत्येक वाराला त्याला पण जाग यायचा चान्स तोच आहे, १० पैकी १.