दहा सेकंदांचं गाणं

नमस्कार मंडळी. आज बेसबॉलवर बोलायचंय, पण लगेच स्टेशन बदलू नका, नियम-बियम फारसे सांगत नाहीये, मला त्यातल्या गाण्यांबद्दल बोलायचंय.

अमेरिकेत मेजर लीगची मॅच असली की घरच्या टीमचा बॅटर बॅटिंगला निघताना स्टेडियमच्या स्पीकरवर एक गाणं लागतं, दरवेळी त्याचं ठरलेलं, त्याने स्वतः निवडलेलं. वॉक-अप साँग म्हणतात त्याला. पाहुण्या टीमला ही सोय नाही, ते बिचारे तसेच येतात. सीझनमध्ये घरच्या मैदानावर ८१ मॅचेस आणि रेग्युलर बॅटर एका मॅचमध्ये साधारण चारदा बॅटिंगला येतो, म्हणजे तेच गाणं वर्षात तीनशेच्या वर वेळा वाजणार. तीनशे वेळा! आपल्याला एखादं आवडतं गाणं मोबाईलला अलार्म म्हणून लावलं तरी आठवड्यात त्याचा राग यायला लागतो.

याची सुरुवात प्लेअर लोकांनी केलेली नाहीये बरं का. स्टेडियममध्ये ऑर्गन आला १९४१ च्या एप्रिलमध्ये, शिकागोच्या रिग्ली फील्डवर, पण तेव्हा ते नुसतं पब्लिकचं मन रमवायला होतं. खरी गंमत केली त्याच शहरातल्या दुसऱ्या टीमच्या ऑर्गनवालीने. नॅन्सी फॉस्ट तिचं नाव, १९७० मध्ये शिकागो व्हाइट सॉक्सकडे लागली आणि २०१० पर्यंत वाजवत होती. सुरुवातीला तिला बसवलं होतं पार मागच्या स्वस्तातल्या बाकांवर, पब्लिकच्या मधोमध, त्यामुळे लोक येऊन फर्माईश करायचे, गप्पा मारायचे. तिने काय सुरू केलं, की बॅटर आला की त्याच्या राज्याचं गाणं वाजवायचं, मग हळूहळू त्याच्या नावावरून कोटी करणारं एखादं गाणं, आणि समोरच्या टीमचा पिचर, म्हणजे आपल्या भाषेत बोलर, मार खाऊन बाहेर निघाला की त्याला टाटा करणारी धून, ती तर १९७७ मध्ये अख्खं स्टेडियम गायला लागलं. म्हणजे गाणं प्लेअरचं होतं, पण निवड त्या बाईची. प्लेअरने स्वतः यादी द्यायची ही पद्धत नंतर आली, ऑर्गनच्या जागी रेकॉर्ड केलेली गाणी आल्यावर.

आणि माझं तर असं मत आहे की प्लेअरने खूप डोकं लावून, आपण किती डेंजर दिसू असा विचार करून जे गाणं निवडलेलं असतं ना, ते सहसा कोणाच्याच लक्षात राहत नाही. जी लक्षात राहिली ती दुसऱ्याच कोणीतरी चिकटवलेली, नाहीतर वैतागून लावलेली.

वैतागून लावलेल्याचं उदाहरण हेरार्दो पार्रा. व्हेनेझुएलाचा प्लेअर, २०१९ मध्ये वॉशिंग्टन नॅशनल्सकडे होता आणि फॉर्म इतका गेलेला की ओळीने २२ वेळा बॅटिंगला जाऊन एकही हिट नाही. जूनमध्ये त्याने वैतागून गाणं बदललं आणि लावलं काय, तर बेबी शार्क! त्याच्या दोन वर्षांच्या लेकीचं आवडतं. लहान पोर असलेल्या घरात हे गाणं किती छळतं ते मी सांगायला नको, पण त्याची बॅट चालायला लागली आणि थोड्याच दिवसांत ३०-४० हजार मोठी माणसं, हातात बिअर, दोन्ही हातांनी शार्कचा जबडा करून टाळ्या वाजवतायत असं चित्र झालं. टीमची सुरुवात १९ जिंकल्या ३१ हरल्या अशी होती, आणि तीच टीम शेवटी वर्ल्ड सीरिज, म्हणजे सात मॅचेसपर्यंत चालणारी फायनल, जिंकली, त्यांचं पहिलंच विजेतेपद. आता यात एक मजा आहे जी फारसं कोणी सांगत नाही. वॉक-अप साँग फक्त घरच्या मैदानावर वाजतं, बरोबर? तर त्या फायनलच्या सातही मॅचेस पाहुण्या टीमनेच जिंकल्या. म्हणजे वॉशिंग्टनला झालेल्या तिन्ही मॅचेस नॅशनल्स हरले आणि कप उचलला तो ह्यूस्टनला, जिथे बेबी शार्क कोणी लावून देणारच नव्हतं. गाण्यामुळे जिंकलो म्हणणाऱ्यांना हे सांगून बघा एकदा.

पण बॅटरपेक्षा जास्त धमाल असते क्लोजरची. क्लोजर म्हणजे शेवटच्या, नवव्या इनिंगला आणतात तो स्पेशल पिचर, आपण थोड्या रनांनी पुढे असू आणि मॅच फक्त संपवायची असेल तेव्हाचा. तो येतो लांबून, मैदानाच्या पार टोकाच्या कुंपणाचं दार उघडून, एकटा, म्हणून त्याचं गाणंही जास्त वेळ वाजतं. सॅन डिएगोच्या ट्रेव्हर हॉफमनसाठी १९९८ च्या जुलैमध्ये एसी/डीसी या बँडचं हेल्स बेल्स लावायला लागले, सुरुवातीला नुसते घंटेचे टोल, आणि तो टोल पडला की समोरच्या टीमला कळायचं की आता संपलं. त्याच वर्षी वर्ल्ड सीरिजला न्यूयॉर्क यांकीज तिथे गेले. सीरिज त्यांनी ४-० ने जिंकली, पण ती घंटा त्यांच्या लोकांच्या डोक्यात बसली आणि पुढच्या वर्षी त्यांनी आपल्या मारियानो रिव्हेरासाठी शोधाशोध सुरू केली. स्टेडियमचा साउंड सांभाळणाऱ्यांनी मेटॅलिका या बँडचं एंटर सँडमन लावून बघितलं, पब्लिक पेटलं, आणि विषय संपला.

रिव्हेराला मात्र त्याचं काहीच नव्हतं! पनामाच्या मासेमारी करणाऱ्या गावातला, अतिशय देवभोळा माणूस, ऐकायला त्याला चर्चची गाणी आवडायची, हेवी मेटलशी संबंध शून्य. २००६ मध्ये न्यूयॉर्कच्याच दुसऱ्या टीमकडे, मेट्सकडे, बिली वॅग्नर हा क्लोजर आला, त्याचंही गाणं सँडमनच, तर न्यूयॉर्कभर फॅन्सची भांडणं की हे गाणं कोणाचं, आणि रिव्हेरा आपला निवांत. २०१३ च्या सप्टेंबरमध्ये त्याच्या निरोपाच्या दिवशी मेटॅलिकाने स्वतः येऊन मैदानात ते वाजवलं. ज्याने ते कधी मागितलंच नाही त्याच्यासाठी. ती मॅच यांकीज २-१ ने हरले तो भाग वेगळा.

क्लोजरच्या गाण्याची अडचण अशी की टीम पुढे असेल तरच ते सहसा वाजणार. २०२२ मध्ये मेट्सचा क्लोजर होता एडविन डियाझ आणि त्याचं गाणं नार्को, त्यातल्या ट्रम्पेटवर अख्खं स्टेडियम हाताने ट्रम्पेट वाजवल्याची ॲक्टिंग करायचं. ते ट्रम्पेट ज्याने वाजवलंय तो टिमी ट्रम्पेट नावाचा ऑस्ट्रेलियन कलाकार ऑगस्टच्या शेवटी खास न्यूयॉर्कला आला, लाइव्ह वाजवणार म्हणून, आणि त्या रात्री मेट्स हरले. क्लोजर आलाच नाही, मग वाजवणार कशाला? पठ्ठ्या थांबला, दुसऱ्या दिवशी परत ट्रम्पेट घेऊन हजर. ३१ ऑगस्टला मेट्स लॉस एंजेलिस डॉजर्सविरुद्ध २-१ ने पुढे, नववी इनिंग, दार उघडलं, डियाझ धावत आला आणि याने वाजवलं. आणि हो, डियाझने मॅच संपवली, नाहीतर सगळाच पोपट झाला असता.

२०२३ पासून मॅच लवकर संपाव्यात म्हणून घड्याळ आणलंय. एक बॅटर गेला की पुढचा ३० सेकंदांत तयार पाहिजे, त्यामुळे वॉक-अप साँगला आता १० सेकंदच मिळतात. मॅच सरासरी चोवीसेक मिनिटांनी कमी झाली ते चांगलंच आहे, मी तक्रार करत नाही, पण दहा सेकंदांत गाण्याचा मुखडासुद्धा होत नाही हो, फक्त ठेका ऐकू येतो.

न्यू जर्सी, क्वीन्सकडे राहणारी आपली मंडळी ऐकत असतील तर तुम्ही सरळ मैदानात जा. इथल्यांसाठी सांगते, न्यूयॉर्कची संध्याकाळी सातची मॅच उन्हाळ्यात आपल्याकडे पहाटे साडेचारला लागते, म्हणजे नववी इनिंग सकाळी सातच्या सुमारास, चहाच्या वेळेला. फक्त टीव्हीवाले नेमकं क्लोजर येतानाच जाहिराती लावतात. मेट्सच्या चॅनेलने २०२२ मध्ये एकदा जाहिराती न लावता डियाझचं येणं सलग दाखवलं होतं, कॅमेरा त्याच्या मागेमागे, तो व्हिडिओ अजूनही नेटवर आहे, बघा आणि आवाज मोठा ठेवा.